एकस्थल नाट्यातील वाणीची कोंडी : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि ‘मिडनाइट’

नाट्यवस्तू आरंभापासून अखेरपर्यंत एकाच जागी घडवावी, पात्रांना तेथून बाहेर पडता येऊ नये आणि बाहेरच्या कोणालाही आत येता येऊ नये, ही योजना नाटककारांना दीर्घकाळ मोह घालीत आली आहे. तिचे शास्त्र मात्र समजले जाते तितके प्राचीन नाही. स्थलैक्याचा नियम अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर खपतो. वस्तुतः त्याने आग्रह धरला तो क्रियेच्या एकतेचा, काळाविषयी एक ओझरता उल्लेख केला, आणि स्थळाविषयी नियम असा सांगितलाच नाही. तो नियम बांधला इटालियन भाष्यकार कास्तेल्वेत्रो याने, १५७० साली. आपल्याकडे तर भरताने कक्ष्याविभागाची सोय करून ठेवली असल्यामुळे पात्र रंगपीठावर चार पावले चालते आणि एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी पोहोचते. कण्वाश्रमातून निघालेली शकुंतला दुष्यंताच्या राजसभेत उभी राहते आणि प्रेक्षकाला त्यात काहीच खटकत नाही. तेव्हा आधुनिक मराठी नाटककार जेव्हा एकच खोली निवडतो, तेव्हा ती निवड परंपरेने त्याच्यावर लादलेली नसते. तिचे कारण त्या नाटकातच शोधावे लागते.

या प्रकाराचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण असे की माणसे कोंडली गेली म्हणजे ताण उत्पन्न होतो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. मुंबईच्या उपनगरांत माणसे रोजच कोंडली जातात. अंधेरीहून सुटून बोरिवलीपर्यंत न थांबणाऱ्या एखाद्या जलद गाडीत शेकडो माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात, आणि तेवढ्या अवधीत त्यांपैकी कोणालाही उतरता येत नाही. तरीही तेथे नाटक घडत नाही. घडलेच तर भांडण घडते आणि पुढच्या स्थानकावर ते विरून जाते. नाट्य उत्पन्न होण्यास कोंडलेल्या जागेखेरीज आणखी काही लागते. ते काय, याचा शोध दोन अगदी भिन्न कुळांतील कृती शेजारी ठेवल्यास लागण्यासारखा आहे. त्यांपैकी एक उपनगरातच सुचलेली आणि मराठी वाचकाच्या पूर्ण परिचयाची: विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. दुसरी ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘डॉक्टर हू’ या दीर्घायुषी विज्ञानकथामालेतील ‘मिडनाइट’ हा भाग. एकीचा दुसरीशी काहीही ऐतिहासिक संबंध नाही. ‘मिडनाइट’ प्रक्षेपित झाला १४ जून २००८ रोजी, तेंडुलकरांच्या निधनानंतर सव्वीस दिवसांनी. परंतु हा केवळ पंचांगातील योगायोग होय. संबंध आहे तो रचनेचा.

तेंडुलकरांचे वास्तव्य दीर्घकाळ विलेपार्ल्यास होते. नाटकाच्या उगमासंबंधी त्यांनी सांगितलेली हकीकत अशी, की पार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करावयास निघालेली एक हौशी मंडळी त्यांना भेटली, त्यांचे आपसातील बोलणे कानांवर पडले आणि त्यातून नाटकाचा आराखडा मनात आकारू लागला. ही हकीकत नाटकाच्या स्वरूपावर प्रकाश टाकणारी आहे. तेंडुलकरांना प्रथम सापडली ती घटना नव्हे, कथानकही नव्हे. सापडले ते एका गटाचे बोलणे. कार्यालयातून सुटून, पिशव्या सांभाळीत, एकमेकांची थट्टा करीत, मनातल्या मनात एकमेकांचा हिशेब मांडीत चाललेल्या मध्यमवर्गीय माणसांचे बोलणे. उपनगरी गाडीतील नित्याच्या सोबत्यांचा कंपू ज्याने पाहिला आहे, त्याला या गटाची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. अशा कंपूत जागा कोणाची, थट्टा कोणाची करावयाची आणि कोणाची नाही, हे कोणी ठरवीत नाही. पण ठरलेले असते.

‘रंगायन’ने हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांची. सुलभाबाई स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, आणि बेणारेही शिक्षिकाच. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी या नाटकावर चित्रपट केला, त्यातही बेणारे त्यांनीच केली. नाटकाचे स्थळ एका खेडेगावातील साधे सभागृह. सायंकाळी तेथे मुंबईहून आलेली मंडळी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करणार आहेत. खटला आहे तो अण्वस्त्रनिर्मितीबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर. कार्यक्रमास अवकाश आहे. सामंत नावाच्या गावकऱ्याला ऐनवेळी एक साक्षीदार व्हावयाचे आहे आणि न्यायालय म्हणजे काय हे त्या बिचाऱ्याने कधी पाहिलेले नाही. त्याला ओळख व्हावी म्हणून, आणि वेळ जावा म्हणूनही, एक लुटुपुटीचा खटला उभा करण्याचे ठरते. बेणारे तोंड धुवावयास आत गेलेली असताना आरोपी म्हणून तिची निवड होते. ती बाहेर येते ती भ्रूणहत्येची आरोपी होऊनच.

जागतिक संहाराच्या शस्त्रांचा न्यायनिवाडा करावयास निघालेली मंडळी एका शिक्षिकेच्या उदराचा न्यायनिवाडा करू लागतात, हा या नाटकातील सर्वांत कठोर उपरोध होय. तो तेंडुलकरांनी कोठेही अधोरेखित केलेला नाही, आणि बहुधा म्हणूनच समीक्षेत त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही.

या न्यायालयाचे कायद्याचे ज्ञान कितपत आहे, हे आरोपपत्रातच दिसते. भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो तो भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०२ खाली. त्या संहितेत ३०२ हे खुनाच्या शिक्षेचे कलम होते. गर्भपात घडवून आणण्याच्या अपराधाची कलमे ३१२ पासून पुढे येत होती. साक्षीदार शपथ घेतात ती ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशावर हात ठेवून. फिर्यादी पक्षाचा वकील आणि आरोपीचा वकील, ही दोन्ही कामे सुखात्मेच करतात. पुढे तर न्यायाधीशाच्या खुर्चीवरील काशीकर स्वतःच साक्ष देतात. हे सारे हास्यास्पद आहे, आणि प्रेक्षक पहिल्या अंकात मनसोक्त हसतोही. परंतु येथेच रचनेचे मर्म आहे. कायदा चुकीचा असला तरी कायद्याची भाषा बरोबर वठते. ‘आरोपी’, ‘साक्ष’, ‘उलटतपासणी’, ‘शांतता’ हे शब्द एकदा तोंडात बसले, की एरवी कोणी विचारण्यास धजावणार नाही असे प्रश्न विचारण्याची मुभा त्या शब्दांतूनच मिळते. वय काय, लग्न का झाले नाही, अमक्याच्या खोलीवर त्या रात्री का गेला होता, हे प्रश्न दिवाणखान्यात असभ्य ठरतात. न्यायालयात ते कर्तव्य ठरतात. खेळ हा येथे मुखवटा नाही, परवाना आहे.

दाराच्या कडीची योजना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पडदा वर गेल्यावर बेणारे सामंताबरोबर सभागृहात येते तेव्हाच तिचे बोट कडीत चिमटते. कडी पुरती सरकवली नाही तर दार बाहेरून अडकते आणि माणूस आतच राहतो, असे सामंत भोळेपणाने सांगून टाकतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बेणारे जावयास निघते, आतली कडी काढते, आणि दार उघडत नाही. कोणी कट करून ते लावलेले नाही. नादुरुस्त कडीने आपले नेहमीचे काम केलेले आहे. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावयास हवा. दार अडकते ते खटला सुरू झाल्यावर पुष्कळ वेळाने, म्हणजे बाळू रोकडे आणि सामंत यांच्या साक्षींनी बेणारेचा कोंडमारा होऊन गेल्यानंतर. तोपर्यंत दार मोकळे होते आणि तरीही ती बाहेर पडू शकली नव्हती, कारण खेळ अर्ध्यावर टाकून जाणे म्हणजे आरोपाला वजन देणे. कडी ही कोंडीचे कारण नव्हे. कोंडी पूर्ण झाल्याची ती केवळ पोच आहे.

आता दुसऱ्या कृतीकडे वळणे सोयीचे होईल. ‘डॉक्टर हू’ ही मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, १९८९ मध्ये खंडित झाली आणि २००५ मध्ये पुन्हा चालू झाली. तिचा नायक ‘डॉक्टर’ हा काळातून आणि अवकाशातून हिंडणारा, मनुष्यरूप असलेला परग्रहवासी. त्याचे शस्त्र एकच, बोलणे. कोणत्याही अनोळखी जागी शिरावे, तोंडभर बोलावे, बुद्धीच्या जोरावर नेतृत्व आपल्या हाती घ्यावे आणि संकट निवारावे, असा या मालेचा ठराविक साचा आहे. ‘मिडनाइट’चे लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी हाच साचा उलटा केला. दिग्दर्शन अ‍ॅलिस ट्रॉटन यांचे, आणि डॉक्टरच्या भूमिकेत डेव्हिड टेनंट.

कथा अशी. मिडनाइट नावाच्या ग्रहाच्या पृष्ठभागावर सूर्याचा मारक किरणोत्सर्ग आहे. तेथे उघड्यावर क्षणभरही जगता येत नाही. हिऱ्यांच्या त्या ग्रहावरून प्रवाशांना एक धबधबा दाखवावयास नेणारी बंदिस्त गाडी निघते. प्रवास काही तासांचा. आत मोजके प्रवासी: एक प्राध्यापक आणि त्याची विद्यार्थिनी, आईबाप व त्यांचा तरुण मुलगा, स्काय सिल्व्हेस्ट्री नावाची एकटी स्त्री, डॉक्टर, आणि सेवेस एक परिचारिका. वाटेत गाडी थांबते. जेथे काही जगूच शकत नाही तेथून कोणीतरी बाहेरून गाडीवर टकटक करते. धक्का बसतो, चालकाचा कक्ष तुटून जातो, आणि बाहेरचे ते ‘काहीतरी’ स्कायच्या ठिकाणी शिरते. ते काय आहे हे अखेरपर्यंत दाखविले जात नाही आणि सांगितलेही जात नाही.

स्काय बोलू लागते. प्रथम ती इतरांचे शब्द त्यांच्यामागून उच्चारते. मग त्यांच्याबरोबर, त्याच क्षणी. डॉक्टर पायच्या वर्गमुळाचे अंक भराभर म्हणून पाहतो आणि तीही ते तसेच म्हणते. नंतर इतरांना सोडून ती केवळ डॉक्टरच्याच शब्दांना चिकटते, आणि शेवटी त्याच्या आधी बोलू लागते. आता शब्द तिचे आणि प्रतिध्वनी तो. ज्याची सारी शक्ती वाणीत होती त्याची वाणीच परस्वाधीन झाली. तो जागचा हलू शकत नाही, आणि त्याच्याच शैलीत, त्याच्याच आवडत्या शब्दांत, तो बाहेर फेकण्यास योग्य आहे असे त्याच्या तोंडून वदवून घेतले जाते. प्रवासी त्याला दाराकडे ओढू लागतात.

येथवर आल्यावर दोन्ही कृतींतील साम्य दाराच्या पलीकडचे आहे हे स्पष्ट होईल. दोन्हींत बळी पडणारी व्यक्ती ही गटातील सर्वांत वाचाळ, सर्वांत चतुर आणि म्हणूनच सर्वांना थोडीशी खुपणारी आहे. बेणारे पहिल्या अंकात सामंतापुढे एकेकाची टिंगल करते. काशीकर दांपत्याची, सुखात्म्यांच्या वकिलीची, पोंक्षे यांच्या शास्त्रीय ऐटीची, कोणाची म्हणून गय करीत नाही. आपण शाळेत कधी उशिरा गेलो नाही, मुलांचा आपल्यावर जीव आहे, याचा तिला अभिमान आहे आणि तो ती लपवीत नाही. डॉक्टर तर प्रवासाच्या आरंभीच गाडीतील करमणुकीची सारी यंत्रे गुपचूप बंद पाडतो, कशासाठी, तर लोकांनी एकमेकांशी बोलावे म्हणून. लोक बोलू लागतात, हसतात, गोष्टी सांगतात. तासाभराने त्याच यंत्रांचा उल्लेख त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून होतो. त्याचे नाव विचारले जाते, तो ‘जॉन स्मिथ’ असे सांगतो, आणि त्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. सर्व काही आपणच का ठरवितो असे विचारले असता तो आपल्या हुशारीचा हवाला देतो. त्या क्षणी गाडीतील हवा बदलते. गटाला भयापेक्षाही अधिक झोंबतो तो अपमान, आणि भय हे त्या अपमानाची वसुली करण्याचे निमित्त होते.

दोन्ही ठिकाणी प्रसंगाची पार्श्वभूमी विरंगुळ्याची आहे, हेही नजरेआड करण्याजोगे नाही. एकीकडे सहलीस निघालेले प्रवासी, दुसरीकडे कार्यक्रमापूर्वी वेळ काढणारी हौशी नटमंडळी. कामावर असलेल्या माणसाला पद असते, वरिष्ठ असतो, जबाबदारी असते. रिकाम्या वेळी या तिन्ही गोष्टी सैल पडतात. काशीकर आणि सुखात्मे यांना खऱ्या जगात जे अधिकार कधी मिळाले नाहीत ते या दुपारी मिळतात. ‘मिडनाइट’मधील प्राध्यापकाला आपल्या विद्यार्थिनीवाचून इतर श्रोता नाही, संकटात तोच प्राध्यापक तिला गप्प बसावयास सांगतो.

निर्मितीच्या अर्थकारणाचाही यात वाटा आहे, आणि तो सांगण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दूरचित्रवाणीच्या व्यवसायात एकाच नेपथ्यावर, थोड्या पात्रांत उरकलेल्या भागाला ‘बॉटल एपिसोड’ म्हणतात. त्यामागे सामान्यतः काटकसर असते. ‘मिडनाइट’च्या बाबतीत चित्रीकरणाच्या दिवसांची अडचण होती. नायक हा भाग करीत असताना त्याच्या सोबतिणीची भूमिका करणारी कॅथरीन टेट ही पुढच्या भागाच्या, ‘टर्न लेफ्ट’च्या, चित्रीकरणात गुंतलेली होती. म्हणून डॉक्टर या प्रवासात एकटा आहे. आणि त्याच्यावतीने बोलणारे कोणी नसणे हेच तर कथेचे बळ ठरले. मराठी हौशी रंगभूमीवर हाच न्याय वेगळ्या रीतीने लागू होतो. ‘शांतता!’ला लागते काय? चार खुर्च्या, एक टेबल, एक दार. नाटकातील सभागृह आणि ज्यात प्रयोग चालला आहे ते सभागृह यांत फरकच उरत नाही. प्रेक्षक ज्या खुर्चीवर बसला आहे तीवरच थोड्या वेळाने जॉन्सनवरील खटल्याचे गावकरी प्रेक्षक येऊन बसावयाचे आहेत. काटकसरीने येथे प्रेक्षकालाच आत कोंडले.

खेळातील खटला ही कल्पना तेंडुलकरांच्या आधीही युरोपात येऊन गेली होती. ड्युरेनमाट या स्विस लेखकाची ‘डी पाने’ (१९५६) ही कृती कथा आणि नभोनाट्य अशा दोन्ही रूपांत आहे. तीत मोटार बिघडल्यामुळे एका गृहस्थाकडे मुक्कामास राहिलेला विक्रेता निवृत्त न्यायाधीश, वकील आदींच्या भोजनोत्तर खेळात आरोपी होतो. साम्य उघड आहे, परंतु भेद अधिक बोलका आहे. ड्युरेनमाटचे खेळगडी खरोखरीचे कायदेपंडित आहेत, आणि त्यांचा आरोपी आपला अपराध सिद्ध होताना सुखावतो; आपले सामान्य आयुष्य प्रथमच कोणीतरी मनावर घेतले याचा त्याला आनंद होतो. बेणारेच्या वाट्याला हे सुख नाही. रेजिनाल्ड रोझ यांचे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ १९५४ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर आले, १९५७ मध्ये त्याचा चित्रपट झाला आणि बासू चॅटर्जी यांनी १९८६ मध्ये ‘एक रुका हुआ फैसला’ म्हणून ते हिंदीत आणले. त्याची दिशा तर नेमकी उलट आहे. तेथे बंद खोलीत एक माणूस बोलत राहतो आणि अकरा जण हळूहळू ऐकू लागतात. वाणीवरील विश्वास तेथे शाबूत आहे. ‘शांतता!’ आणि ‘मिडनाइट’ यांनी तो विश्वासच काढून घेतला.

बेणारेच्या अखेरच्या स्वगताचा विचार या संदर्भात करावा लागतो. निकालापूर्वी काशीकर आरोपीला आपली बाजू मांडण्यास दहा सेकंद देतात. बेणारे उभी राहते. इतर सर्व पात्रे असतील त्या स्थितीत थिजतात. आणि ती दीर्घकाळ बोलते. बालवयात मामाने केलेला घात, नंतर ज्याच्या बुद्धीवर भाळून सर्वस्व दिले त्या प्राध्यापक दामल्यांनी फिरविलेली पाठ, उदरातील जीवाविषयीची ओढ, हे सारे तीत येते. बोलणे संपते, पात्रे पुन्हा हलू लागतात, आणि न्यायालयाच्या दृष्टीने तिने दहा सेकंदांत काहीच सांगितलेले नसते. हे स्वगत भावविवश आहे, नाटकाच्या एरवीच्या कोरड्या उपरोधाशी विसंगत आहे, असा आक्षेप घेता येईल, आणि भाषेच्या अंगाने पाहता त्यात तथ्यही आहे. परंतु रचनेच्या अंगाने पाहता ते अपरिहार्य आहे. प्रेक्षकाने ते ऐकले आणि गटाने ऐकले नाही, हीच त्याची योजना. डॉक्टरचे तोंड हलते पण शब्द दुसऱ्याचे असतात. बेणारेचे शब्द तिचे स्वतःचे असतात पण त्यांना श्रोता नसतो. कोंडी एकच, बाजू दोन.

सामंताची साक्ष हे या यंत्रणेचे सर्वांत चमत्कारिक चाक आहे. त्याला बेणारेची काहीच माहिती नाही. साक्षीदाराचे काम वठवावे म्हणून तो एका कादंबरीतील प्रसंग आठवून सांगतो: प्राध्यापकाच्या खोलीचे बंद दार, आतून येणारा स्त्रीचा आवाज. तो रचलेला संवाद सत्याच्या इतका जवळ जाऊन पडतो की बेणारे ढासळते. ज्याच्या मनात लवमात्र वैर नाही अशा एकमेव माणसाच्या हातून सर्वांत वर्मी घाव बसतो. हा योगायोग जरा अधिकच सोयीचा आहे असे कोणी म्हणेल. परंतु हलक्या कादंबऱ्यांत आणि लोकांच्या कुजबुजीत अविवाहित स्त्रीविषयी एकच कथा फिरत असते, आणि सामंताने ती उचलली एवढेच. ‘मिडनाइट’मधील अज्ञात जीवही स्वतःचे असे काही बोलत नाही. तो आजूबाजूला आधीच असलेली वाक्ये उचलतो.

उत्तरार्धात मात्र दोन्ही कृतींची वाट वेगळी होते. ‘मिडनाइट’मध्ये स्कायला बाहेर फेकावे अशी सूचना प्रथम परिचारिकेनेच केलेली असते. तिलाच शेवटी उमगते की स्काय डॉक्टरचे शब्द वापरीत आहे. ती स्कायला कवटाळून दार उघडते आणि दोघी बाहेर खेचल्या जातात. मदत येईपर्यंत उरलेले प्रवासी एकमेकांकडे न पाहता बसून राहतात. डॉक्टर तिचे नाव विचारतो. कोणालाच ते ठाऊक नसते. ही अखेर परिणामकारक आहे, तरी लेखकाने तीत एक पळवाट ठेवली आहे. प्रवाशांच्या क्रौर्याला बाहेरच्या जीवाचे निमित्त राहते. तो जीव शिरला नसता तर ही माणसे धबधबा पाहून सुखाने परतली असती, असे मानण्यास जागा उरते. तेंडुलकर ही जागा ठेवीत नाहीत. त्यांच्या सभागृहात बाहेरून कोणीही शिरलेले नाही, आणि आत्मबलिदान करणारेही कोणी नाही. मातृत्वाच्या पावित्र्याचे गोडवे गाणारे न्यायाधीश निकाल देतात तो असा, की आरोपीने जगावे पण तिच्या उदरातील गर्भ नष्ट केला जावा. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणाऱ्या न्यायालयाची शिक्षा भ्रूणहत्या.

शिवाय हा निकाल निव्वळ खेळातला राहत नाही. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष अविवाहित गरोदर शिक्षिकेला कामावरून काढण्याची भाषा करीत होते, हे काशीकरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेले असते आणि ते साक्षीत सांगतात. म्हणजे गावातील कार्यक्रम आटोपून मुंबईस परतल्यावर बेणारेची नोकरी जाणार आहे, हे त्या सभागृहातच तिला कळते. नाटकानंतर चार वर्षांनी, १९७१ मध्ये, वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत झाला. त्यात संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरल्याचे कारण मांडताना उल्लेख होता तो विवाहित स्त्रीचा व तिच्या पतीचा. तेथे ‘स्त्री’ आणि ‘जोडीदार’ असे शब्द आले ते २०२१ च्या दुरुस्तीने. बेणारेचा प्रश्न मात्र या कायद्याच्याही कक्षेत बसत नाही. तिला मूल हवे आहे.

सायंकाळ होते. दार बाहेरून किलकिले होते आणि कोणी गावकरी डोकावून कार्यक्रमाची चौकशी करतो. मंडळी क्षणात पूर्ववत होतात, आपण केला तो निव्वळ खेळ होता असे जमिनीवर निश्चल पडलेल्या बेणारेला सांगतात आणि तयारीस लागतात. ‘खेळ’ या शब्दाला मराठीत क्रीडा आणि नाट्यप्रयोग असे दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे एका खेळातून दुसऱ्या खेळात जाताना त्यांना उंबरठाही ओलांडावा लागत नाही. सामंत आपल्या पुतण्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट हळूच तिच्याजवळ ठेवतो. त्यानंतर चिमणी आणि पोपटाचे गाणे तिच्या आवाजात ऐकू येते, आणि तिचे ओठ हललेले नसतात. ‘मिडनाइट’च्या अखेरीस डॉक्टर सोबतिणीकडे परततो. ती त्याचे दुःख हलके करण्यासाठी त्याच्याच आवडीचे दोन शब्द सहज उच्चारते, आणि तो तिला तसे न करण्याविषयी विनवतो.